पी.पी. कॉलवाल्या विमलअक्का

विमलअक्कांपुढे अर्ज ठेवा, सही ठेवा, आधार कार्डाची प्रत ठेवा, त्या चष्म्यावरून बघणार आणि खानदेशी ठसक्यात विचारणार, "माणूस लाईनवर शे का?" ज्याच्या आवाजाची नक्कल करायची, तो स्वतः हो म्हणेपर्यंत त्या संगणकाला हात लावत नाहीत.

धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची नोकरी ट्रंक कॉल जोडण्यात गेली. तेव्हा पी.पी. कॉल असायचा. ज्याचं नाव सांगितलं तोच माणूस फोनवर आला, तरच लाईन जोडायची. "बायको येऊ दे, भाऊ येऊ दे, नाही म्हणजे नाही," अक्का सांगतात. निवृत्तीनंतर त्या संगणक शिकल्या आणि पॉडकास्टवाल्यांना त्यांच्याच आवाजाची हुबेहूब नक्कल करून देऊ लागल्या. आपण मजकूर लिहून द्यायचा, संगणक तो आपल्या आवाजात बोलतो. एकदा मी म्हटलं, "अक्का, लोकांचं सगळं काही ऐकलं असेल तुम्ही!" त्यावर त्या म्हणाल्या, "धुळ्याची बठ्ठी लफडी ऐकली भाऊ. एक बी घरी आणलं नाही."

मी आणि माझी बायको रेखा जळगावहून खानदेशी बोलीत पॉडकास्ट करतो. भरिताच्या वांग्यापासून सासूच्या स्वभावापर्यंत कशावरही वाद घालतो. लोक ऐकतात ते रेखासाठी, हे मला ठाऊक होतं. कबूल कोण करणार? तिला बढती मिळून धुळ्याच्या ऑफिसात जावं लागलं. रोजचं अपडाऊन, घरी आल्यावर बोलायचं त्राण नाही. तीन भाग चुकले. पॉडकास्ट बंद पडणार असं दिसू लागलं, तेव्हा मी शक्कल लढवली. रेखाचा आवाज करून घ्यायचा, दोघांचंही लिहायचं मी, तिने आराम करायचा. तिची सही घेतली आणि धुळ्याची बस पकडली.

अक्कांनी कागद वाचून बाजूला सारला. "सही शे. माणूस कुठे शे?"

"अहो अक्का, बायको आहे माझी!"

"म्हणून तर विचारते."

त्यांनी तिथूनच रेखाला फोन लावला. ऑफिस सुटल्यावर ती रिक्षाने आली. अक्कांनी तिला आत नेलं आणि मला ओट्यावर बसवलं. पी.पी. कॉलमध्ये तिसरा माणूस नसतो म्हणे. आतून दोघींचं हसू ऐकू येत होतं आणि मी बाहेर डास मारत होतो.

अर्ध्या तासाने अक्का बाहेर आल्या. "त्यांची ना शे."

"रेखा, अगं तुझ्यासाठीच करत होतो ना मी?"

"माझ्या आवाजात तुमचं बोलणं? ते नको," रेखा म्हणाली. "त्यापेक्षा तुमचा आवाज करा. लिहिते मी. संगणक निदान मधे तोंड तरी घालणार नाही. माझं प्रत्येक वाक्य तुम्ही अर्ध्यात तोडता."

अक्कांनी लगेच दुसरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पेन हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. उद्या ही माझ्या तोंडून काय वदवेल? माझी आई ऐकते, ऑफिसातले ऐकतात. मी म्हटलं, "दोन दिवस विचार करून सांगतो."

"घ्या की," रेखा म्हणाली. "मला तुम्ही कागद दिला तेव्हा माझ्या एका हातात झारा होता आणि कढईत तेल तापलं होतं."

मला खरंच लाज वाटली. वीस वर्षांच्या संसारात इतकी कधी वाटली नव्हती. दोन गिऱ्हाइकं एकाच संध्याकाळी गेली, तरी अक्कांनी चहा आनंदाने टाकला.

आता आम्ही महिन्यातून एकच भाग करतो, रेखाच्या सुट्टीच्या दिवशी, आपापल्या आवाजात. ऐकणारे तेवढेच आहेत. भाग मात्र पूर्वीपेक्षा लांबतात, कारण रेखाची वाक्यं आता पूर्ण होतात.