निळ्या झाकणाचा डबा

हे मी माझ्या लेकीलाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तरी लिहिताना मान खाली जाते आहे.

मी मलकापुरात मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. शिक्षण चौथी. वाचता येतं, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. एकाच कामाला माझी जीभ सुटते. दरवर्षी नव्या मुली येतात, घरच्या आठवणीने रडतात, जेवत नाहीत. मग मी मोबाईल काढते आणि त्यांना 'आज भाजी काय' नावाची चित्रकथा दाखवते. कॉलेजच्या गमतीजमतीची चित्रं आहेत ती, मोबाईलवरच येतात. आमच्याच होस्टेलच्या केतकीने सुरू केली. नोकरीला लागली तरी अजून काढते. आधी कोणता भाग वाचायचा, वर्गात झोपणारे सर कोण, परीक्षेच्या दिवशी पेन मागत फिरणारी कोण, सगळं मी समजावून सांगते. झारा घेतलेली जाडी बाई म्हणजे मी. मुली हसतात. आणि हसली की पोरगी जेवते.

यात वाईट काय, असं वाटेल तुम्हाला. थांबा जरा.

त्यात एक भाग आहे, 'घरचा डबा'. तो सगळ्यांना फार आवडतो.

आमच्याकडे मुलींना गावाहून एसटीने डबा येतो. आई तिकडे कंडक्टरजवळ देते, मुलगी इकडे स्टँडवर जाऊन उतरवून घेते. मग खोलीत सगळ्या मिळून खातात. शीतल पिंपळगाव राजा या गावाकडची. तिला डबा यायचा नाही. आई नव्हती, घरी बाप आणि भाऊ — कोण करणार? पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. एका शनिवारी ती मेसच्या मागच्या दाराशी आली, निळ्या झाकणाचा डबा पुढे केला आणि खाली बघत म्हणाली, "मावशी, यात काही भरून देता काय? मी स्टँडवर जाऊन येतो."

मी भरून दिला. मग दर शनिवारी देत गेले. ती स्टँडवर जायची, गावची बस येईपर्यंत बाकावर बसायची आणि डबा घेऊन परत यायची. खोलीतल्या मुली बोटं चाटायच्या. "पाह्य बे, याले म्हणतात घरची भाजी. आपल्या मेसवालीले शिकवा कोणी." हे मी व्हरांड्यातून माझ्या कानांनी ऐकलं. माझीच वांग्याची भाजी. त्याच कढईतली.

आणि मी — कसं सांगू — फुगले. तोवर माझ्या हाताला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. ते मला पोटात ठेवता आलं नाही. केतकी तेव्हा होस्टेललाच होती. चित्रांसाठी काही गंमत मिळते का म्हणून ओट्याजवळ येऊन विचारायची, "मावशी, काही नवीन मसाला?" मला एरवी कोण काय विचारतं? मी सांगून टाकलं. हसत हसत सांगितलं. नाव घालू नको, एवढं म्हणाले. म्हणाले की नाही, तेही आता खात्रीने सांगता येत नाही.

केतकीने नाव घातलं नाही. पण चित्रात शीतलच्या दोन वेण्या घातल्या, निळं झाकण घातलं. ओळखायला आणखी काय लागतं? दुसऱ्या दिवशी एकीने ताट पुढे करून म्हटलं, "मावशी, मले बी घरचं वाढा." सगळ्या हसल्या. शीतल जेवत होती. ती उठली नाही. तोंडातला घास चावत राहिली, चावतच राहिली.

संध्याकाळी ती मागच्या दाराशी आली, रिकाम्या हाताने. "मावशी, तुम्ही सांगतलं काय?"

मला कुणी कामावरून काढणार नव्हतं. कसली भीती होती मग? तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, एवढंच. मी म्हणाले, "मी कायले सांगू, बाई?"

"मंग प्रियानंच सांगतलं."

प्रिया तिच्या खोलीतली. तिची तेवढी एकच मैत्रीण. तिने एकदा आम्हाला डबा भरताना पाहिलं होतं — आणि कुणाजवळ बोलली नव्हती. शीतल दारात उभी होती. मला तेव्हाही बोलता आलं असतं. मी कणीक मळत राहिले.

दोघींचं बोलणं तुटलं. केतकीला कुणी विचारलं तर ती म्हणायची, ऐकीव गोष्ट आहे. प्रिया माझ्याजवळ येऊन रडली. "मी नाही सांगतलं मावशी, देवाशपथ. तुम्ही तिले समजावा ना." मी तिला पाणी दिलं. दुसरं काही दिलं नाही. दिवाळीला शीतल गावी गेली ती परत आलीच नाही. तिचा भाऊ येऊन गादी घेऊन गेला. कॉलेज सुटलं तिचं. मेसमध्ये घासायला आलेला निळ्या झाकणाचा डबा माझ्याकडेच राहिला. भावाच्या हाती तो द्यायलाही मी बाहेर गेले नाही.

नव्या मुलींना दाखवताना तो भाग मला गाळता येतो. गाळत नाही. गाळला तर त्या विचारतील, असं मी स्वतःला सांगते. ते खरं नाही. त्या भागाच्या शेवटच्या चित्रात जाडी मावशी डबा भरते आहे आणि दुसरा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला आहे. ती मावशी मला आवडते.

यंदा एका नव्या मुलीने ते चित्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मावशी, तुम्ही किती चांगल्या आहात हो."

मी पदर सारखा केला आणि तिला पुढचा भाग लावून दिला.