पंख्याच्या बटणावरचं वायफाय

महाडच्या आमच्या घरात विजेचे सगळे बोर्ड डोक्याच्या वर आहेत. मोठ्या पुरात सावित्रीचं पाणी हॉलमध्ये छातीपर्यंत चढलं होतं. त्यानंतर आमच्या आळीतल्या बहुतेकांनी बोर्ड वर नेले. बाबांचा हात तिथे पोचतो, आईचा पोचत नाही. ती लाटण्याच्या टोकाने बटणं दाबते. त्या लाटण्याने पोळ्या होत नाहीत. ते बोर्डाखाली खिळ्याला सुतळीने टांगलेलं असतं. बाहेरून आलेले पाहुणे हसतात, महाडचे हसत नाहीत.

मी या घरात बसून पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी काम करते. काम काय, हे समजावणं मी कधीच सोडून दिलंय. "ती कॉम्प्युटरचं करते," असं आई सांगते, तेवढं पुरतं. आम्ही एम्युलेटर बनवतो. कारखान्यांत जुनी कंट्रोल यंत्रं असतात, त्यांचे सुटे भाग मिळेनासे झालेत, पण त्यांच्यावरचे प्रोग्राम अजून लागतात. मग त्या यंत्राची हुबेहूब नक्कल साध्या कॉम्प्युटरच्या आत चालवायची. प्रोग्रामला वाटलं पाहिजे की आपण अजून त्याच जुन्या लोखंडी डब्यात आहोत. नकली यंत्रात कोणते भाग बसवायचे, नेटवर्क कार्ड, प्रिंटरचं पोर्ट, घड्याळ, हे एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल माझ्याकडे आली होती.

मला दिलेलं काम एका ओळीचं होतं. आमच्या नव्या मॉडेलमध्ये नेटवर्क कार्ड नको असताना आपोआप बसत होतं. ते बसू द्यायचं नाही. कार्ड बसवायचं का, याला सगळ्या मॉडेल्ससाठी एकच ठरलेलं उत्तर होतं, 'हो'. मी त्याचं 'नाही' केलं. नव्या मॉडेलमधलं कार्ड गेलं, चाचण्या पास झाल्या, मी चहा प्यायला उठले.

दोन दिवसांनी तक्रार आली. जुन्या मॉडेलवाल्यांनी चालू यंत्र जसंच्या तसं साठवून ठेवलेलं असतं आणि हवं तेव्हा ते तिथूनच पुढे सुरू करतात. ते आता उघडत नव्हतं. साठवलेल्या यंत्रात कार्ड होतं, उघडणाऱ्या यंत्रात नव्हतं. ठीक. मी जुन्या मॉडेलला वेगळं सांगितलं, तुझं कार्ड असू दे. तर ते कार्ड रांगेत शेवटी जाऊन बसलं आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवर प्रिंटरचं पोर्ट सरकलं. छपाई बंद. मी कार्डाची जागा पक्की केली. तर एक तिसरं मॉडेल होतं, ज्याच्याबद्दल मला कोणी बोललं नव्हतं. ते जुन्याच्या सगळ्या सेटिंग्ज उचलून वर स्वतःच्या घालायचं. त्याला आता दोन कार्डं मिळाली.

माझे उमेदवारीचे महिने संपत आले होते. आमचे पुण्याचे सर, जे माझा कोड तपासतात, त्यांनी सरळ लिहिलं: शुक्रवारी नवी आवृत्ती जाणार. तोपर्यंत हे नीट झालं नाही तर तुझा बदल काढून टाकू आणि तुला चाचणीच्या टीममध्ये घेऊ. चाचणीच्या टीमला रोज पुण्याच्या ऑफिसात बसावं लागतं आणि दिवसभर माणसांशी बोलावं लागतं. ऑफिसचं मी कसंही जमवलं असतं, बोलण्याचं नाही. मी शाळेत इंग्लिश मीडियमला होते. तिथे मराठीत बोललं की शिक्षा आणि घरी इंग्रजीत बोललं की टिंगल. मधला मार्ग म्हणून मी गप्प राहायला शिकले आणि तेच अंगवळणी पडलं. लिहून मला सगळं सांगता येतं.

बुधवारी संध्याकाळी सरांनी कॉल लावला. लिहून नको, बोलून सांग, म्हणाले.

मी मान खाली घालून सांगत होते. नवं काही जोडायलाच नको, खरी चूक पहिल्या ओळीत आहे, इथपर्यंत आले आणि स्क्रीनवरचा सरांचा चेहरा गोठला. वायफाय गेलं होतं. वर पाहिलं तर पंखाही थांबत होता. बोर्डाखाली आई लाटणं खिळ्याला अडकवत होती.

"आई, काय केलंस?"

"दिवा लावतेय. पंखा बंद नको करू? विझतो ना तो."

आमच्याकडे देव्हारा हॉलमध्येच आहे. दिवेलागणीला पंखा बंद करायचा, ज्योत स्थिर झाली की नमस्कार करायचा, मग पंखा चालू. हे मी जन्मापासून बघत आलेय. पण याआधी कधी त्याने वायफाय गेलं नव्हतं.

मामाला फोन लावला. मामा पोलादपूरच्या वर एका वाडीत राहतो, शेती बघतो आणि नात्यातल्या घरांचं वायरिंग करतो. आजच दुपारी बाबांच्या डोक्यात आलं की खाली टेबलावरचं वायफायही पुराच्या खुणेच्या वर गेलं पाहिजे, तेव्हा मामानेच ते वर चढवून दिलं होतं.

"मामा, वायफायची लाइन कुठून घेतलीस?"

"फॅनच्या बटणावरनं. ती सगळ्यात जवळ व्हती."

"पण आई रोज संध्याकाळी पंखा बंद करते."

"मग नाय करायचा."

"दिवा विझतो, मामा."

"मग दिवा लांब न्या गो. एवढी शिकलीस, त्यात काय एवढं? वायफाय चालतंय ना? चालतंय. दुसरी वायर ओढायची तर भित फोडायला लागंल. तुझ्या बापाला इचार, तो फोडू देतो का."

बाबा भिंत फोडू देणार नव्हते, रंग नुकताच दिलेला. मला मामाचा राग आला. त्याहून जास्त राग याचा आला की मीही नेमकं हेच केलं होतं. सगळ्यात जवळची ओळ धरली, आपला दिवा लागला का बघितलं आणि चहा प्यायला उठले.

सरांचा फोन वाजत होता. घरात मोबाइलची रेंज मधेच जाते, म्हणून धावत गच्चीवर गेले. तिथेही एक काडी.

"आवाज तुटतोय. मोठ्याने बोल."

शेजारच्या गच्चीवर काकू वाळत घातलेले कपडे काढत होत्या. मी भिंतीकडे तोंड केलं.

"सर, कार्ड आधी बसतं आणि मॉडेलला नंतर विचारलं जातं. म्हणून मॉडेलला नाही म्हणताच येत नाही."

"काय? ऐकू येत नाही."

"आधी विचारायचं! मग बसवायचं!" मी ओरडले. "नवीन म्हणेल नको! जुने आतापर्यंत जे म्हणत आलेत तेच म्हणतील! जुन्यांना हात लावायचाच नाही!"

सर म्हणाले, "हे आधी का नाही बोललीस?"

"तीन ठिकाणी लिहिलं होतं, सर."

"इतकं लांब लिहितेस, शेवटपर्यंत कोण वाचतं? कर तसं. आणि जुनी साठवलेली सगळी यंत्रं उघडून दाखव. एक जरी अडलं तरी बदल बाहेर."

फोन ठेवला. काकू कपडे खांद्यावर टाकून उभ्या होत्या.

"कोणाला एवढी फैलावर घेत होतीस गो? आम्हाला वाटायचं, तुला आवाजच नाय."

मी हसल्यासारखं केलं आणि खाली आले. रात्रीपर्यंत आळीत बातमी पसरणार होती की मी कुठल्या तरी जुन्या माणसांच्या बाजूने भांडले.

गुरुवार सगळा त्यात गेला. पहिल्या ओळीतलं माझं 'नाही' पुसून परत 'हो' केलं. मग वरचे जोड एकेक काढले. जागा पक्की केलेली ओळ काढताना जिवावर आलं, कारण ती माझी हुशारी होती. विचारणं आधी, बसवणं नंतर. नव्या मॉडेलने 'नको' म्हटलं, बाकीच्यांनी काहीच म्हटलं नाही, म्हणजे 'हो'. मग जुनी साठवलेली यंत्रं उघडत बसले. प्रिंटर आपल्या जागेवर होता. तिसऱ्या मॉडेलला एकच कार्ड होतं. एकावर मी अर्धा तास डोकं आपटलं आणि शेवटी कळलं की ती फाइल मुळातच अर्धवट साठवलेली होती, माझ्या कितीतरी आधीपासून. संध्याकाळी आईला फक्त एवढं म्हटलं, "दहा मिनिटं थांब." ती थांबली, पण तोंडाने काहीतरी पुटपुटत.

शुक्रवारी सगळं पाठवून दिलं. निकाल संध्याकाळपर्यंत येणार होता. आता मला रोज दहा मिनिटं मागायची नव्हती, म्हणून स्टुलावर चढून पंख्याच्या बटणावर आडवी चिकटपट्टी लावली. आईला दाखवली.

"हे दाबायचं नाही. काही झालं तरी."

"बरं," आई म्हणाली. तिच्या 'बरं'चा मी विचार करायला हवा होता.

दिवेलागण झाली. मी स्क्रीनसमोर. सर लिहीत असल्याचे तीन ठिपके नाचत होते, थांबत होते, परत नाचत होते. मागे काडी ओढल्याचा आवाज. पंख्याखाली दिवा विझला. परत काडी. परत विझला. आईने लाटणं खिळ्यावरून काढल्याचं मी ऐकलं, पण चिकटपट्टी होती म्हणून वळले नाही. ठिपके नाचत होते.

खट्ट.

पंखा, ट्यूबलाइट, फ्रिज, वायफाय, सगळं एकदम गेलं. आईने पट्टीला हात लावला नव्हता. दाराजवळ जाऊन त्याच लाटण्याने मेनचा खटका खाली पाडला होता.

"तू म्हणालीस ते बटण दाबू नको," ती म्हणाली. "नाही दाबलं." आणि हात जोडून डोळे मिटले. अंधारात ज्योत अगदी सरळ उभी होती.

मी मोबाइल घेऊन जिना चढले. गच्चीच्या कोपऱ्यात काडी आली, गेली, आली. काकू पलीकडून म्हणाल्या, "आज भांडण नाय का?" मी मान हलवली.

सरांचा निरोप उघडला. बदल ठेवला आहे. चाचणीच्या टीमचा विषय आता काढायचा नाही. त्याखाली दुसरी ओळ होती: आजपासून या फाइलबद्दल कोणाचीही तक्रार आली की ती थेट तुझ्याकडे येईल.

तिच्याखाली पहिली तक्रार आलेलीच होती. चौथ्या मॉडेलचं घड्याळ पुढे जातं म्हणे. चौथं मॉडेल आहे हे मला माहीतच नव्हतं.

"आई," मी जिन्यातून खाली ओरडले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "झाला का नमस्कार? मेन लाव!"