गाडीला घातलेलं गाऱ्हाणं

माझी जुनी पिकअप सकाळी हँडल मारून मारून दमलो तरी चालू व्हायची नाही. झालीच, तर उभ्या जागी अशी धडधडायची की माझेच दात वाजायचे. मी शाळा पाहिलेली नाही, पण देवाला गाऱ्हाणं घालण्यात पटाईत. रोज बॉनेट उघडून नारळ फोडायचो आणि पाणी इंजिनावर शिंपडायचो. गाडी जास्तच रुसायची. मग मी दुसरा नारळ फोडायचो.

एकदा तारकर्लीच्या किनाऱ्यावर बांगड्याच्या टोपल्या भरल्या आणि गाडी अडली. कुडाळच्या बाजारात पोचायच्या आत ऊन चढलं तर मासे कुजणार. कुणीतरी सायकलवरून एका म्हाताऱ्या मेकॅनिकला आणलं. त्याचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही. त्याने आधी पंच्याला हात पुसले. मग प्लगच्या वायरी जिथून निघतात ते झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि चाटलं.

"गोड लागता. हेच्यात काय ओतलंस रे?"

"नारळाचा पाणी, काकानू. देवाक."

"देव भायर आसा." त्याने झाकणाच्या आत बोट टेकवलं. "हयसर ठिणगी ऱ्हवता. तिका सुकी जागा होयी."

झाकण पुसून, उन्हात सुकवून त्याने परत बसवलं. मी हँडल एकदा फिरवलं. काहीच धडधडलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा फिरवायला वाकलो. त्याने माझा हात धरला.

"अरे मेल्या, चालू आसा ती!"

बांगडे ताजे पोचले. आणि चांगली गाडी कशी वाजते, हे तिच्या मालकाला, म्हणजे मला, त्या दिवशी कळलं.