संघमित्राची मानाची खुर्ची

चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण हे ऐकताना कुणी ना कुणी तो अंगावर सांडतंच. फजिती सगळ्यांचीच होते हो. पण अख्खा सीझन, दर रविवारी, उभं राहून टाळ्या वाजवत स्वतःची फजिती करून घेणारा माणूस आपल्या धाराशिव जिल्ह्यात माझ्याशिवाय दुसरा निघायचा नाही.

माझी मुलगी संघमित्रा आठवीत आहे. तिच्या शाळेनं आइस हॉकीची टीम काढली. तुम्ही म्हणाल, आपल्याकडं बर्फ कुठला? बर्फ रसवंतीवर, तोही भुशातला. म्हणून इथं बर्फाऐवजी गुळगुळीत सिमेंट आणि पायात चाकांचे बूट. बाकी खेळ तोच, असं त्यांचे सर म्हणाले. चार-सहा शाळांनी मिळून ज्युनिअर लीग सुरू केली. एक रविवार आमच्या गावात, पुढचा मुरुमला, असं चालायचं.

बायकोची रविवारी दवाखान्यात ड्युटी असते, त्यामुळं पोरीला न्यायचं काम माझ्याकडं आलं. त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण मी पडलो कचेरीतला सीनिअर क्लार्क! लोक मला विचारायला येतात, मी कुणाला काही विचारायचं असतं हे माझ्या गावीच नाही.

पहिल्याच मॅचला पोरंपोरी सुसाट पळत होती, पडत होती, उठत होती. मध्येच शिट्टी वाजली. पंचांनी एकट्या संघमित्राकडं हात केला आणि ती मैदानाबाहेर जाऊन पंचांच्या टेबलाशेजारी एका वेगळ्या खुर्चीवर बसली. बाकीची पोरं घामानं निथळतायत आणि आमची पोरगी अधिकारी लोकांच्या शेजारी, मान खाली घालून बसलेली. मला वाटलं, किती हा विनय!

आता माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं, मला माहीत नाही. माझे वडील बेंबळीला असतात, आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांना शाळेत वर्गाच्या दाराबाहेर पोत्यावर बसवायचे. आतलं जेवढं कानावर पडेल तेवढं शिकायचं. हे ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. मला नोकरी लागली, टेबल मिळालं, डोक्यावर पंखा मिळाला. तरी कुठल्याही कार्यक्रमात गेलो की पाय आपोआप मागच्या ओळीकडं वळतात. आणि इथं माझी पोरगी, सगळ्यांच्या देखत, साहेबांच्या टेबलाला लागून खुर्चीवर! माझे डोळे भरून आले. मी उठलो आणि टाळ्या वाजवल्या.

पुढच्या मॅचला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या मॅचला तर दोनदा. दुसरं एखादं पोरगंही कधीमधी त्या खुर्चीवर दिसायचं, पण आमच्यासारखं सातत्य कुणाचंच नव्हतं. मी दर वेळी उभा राहून टाळ्या वाजवायचो. हळूहळू शेजारचे पालक माझ्यापासून सरकून बसायला लागले, आणि शेवटी शेवटी माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्याच राहायच्या. मला वाटलं, जळतात. म्हटलं, जळू दे.

एकदा घरी येताना गाडीवर मागं बसलेल्या संघमित्रानं भीत भीत विचारलं, "पप्पा, मला बाहेर बसवलं की तुम्हाला राग नाही येत?"

"राग कशाचा? आपल्या खानदानात हे कुणाला मिळालं होतं?"

ती घर येईपर्यंत काही बोलली नाही. मला वाटलं, पोरगी भारावली. बाप कसल्या विचारांचा आहे हे बघून ती गार पडली होती, हे मला फार उशिरा कळलं.

सीझनची शेवटची मॅच आमच्याच गावात होती. त्या मॅचवरून त्यांचे सरच जिल्ह्याची टीम निवडणार होते, आणि संघमित्राचा सगळा जीव त्या निवडीत होता. जेवणाच्या ताटावरसुद्धा तोच विषय. मी म्हटलं, आता आबांना आणलंच पाहिजे. बेंबळीला जाऊन त्यांना सांगितलं, की नातीला तिथं बसायला वेगळी, मानाची खुर्ची देतात, एकदा डोळ्यांनी बघा. आबांनी विश्वास बसत नसल्यासारखं माझ्याकडं बघितलं आणि लगेच ठेवणीतला सदरा काढून झटकला. येताना मी बाजारातून एक शाल घेतली. खुर्ची ते देतात, निदान सत्कार तरी आपण करावा!

मॅचच्या दिवशी सकाळी बुटाचे बंद बांधता बांधता पोरगी म्हणाली, "सरांनी सांगितलंय, आज अजिबात बाहेर बसायचं नाही."

"सरांचं मी बघतो. आबा एवढ्या हौसेनं आलेत. त्यांच्यासमोर एकदा तरी बसून दाखव."

"खरंच बसू?"

"बसच," मी म्हणालो.

मॅच अटीतटीची झाली. दोन्ही बाजू बरोबरीत होत्या आणि वेळ संपत आला, तरी आमची पोरगी काही बसेना. आबांनी दोनदा विचारलं, खुर्ची कुठाय म्हणून. शेवटी मीच लांबून पोरीला बोटानं खुर्ची दाखवली. तिनं माझ्याकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. समोरून मुरुमच्या टीमची एक लुकडी मुलगी चेंडू घेऊन येत होती. संघमित्रानं तिच्या पायात काठी घातली आणि तिला आडवी केली.

शिट्टी वाजली. पोरगी कुणी सांगायच्या आत जाऊन खुर्चीवर बसली आणि तिथून तिनं आबांना हात केला. मी उठून टाळ्या वाजवल्या. ती मुरुमची मुलगी गुडघा धरून बसली होती, सगळं मैदान चिडीचूप होतं, आणि टाळ्या माझ्या एकट्याच्या. तेवढ्यावर थांबेन तर मी कसला? पिशवीतली शाल काढून मी थेट टेबलापाशी गेलो.

"काका, कुठं निघालात?" टेबलावरच्या माणसानं विचारलं.

"सत्कार करायचाय. तुम्ही पोरीला दर वेळी मानानं बसवता म्हणून."

त्या माणसानं हातानंच शाल अडवली. "काका, ही शिक्षा आहे. दुसऱ्याला पाडलं की दोन मिनिटं बाहेर. तोवर टीम एकानं कमी."

तो हे सांगत असतानाच समोरच्यांनी गोल केला. आमची टीम एकानं कमी होती ना! दोन मिनिटं भरली तशी पोरगी परत आत गेली, पण तेवढ्या एका गोलानं आम्ही हरलो. तेव्हा माझ्या डोक्यात सगळा सीझन उलटा फिरला. प्रत्येक रविवार, प्रत्येक पडलेलं लेकरू, आणि त्यावर माझ्या टाळ्या. शेजारचे पालक का सरकत होते तेही उमगलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आबा काठी टेकत मागून आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हणालो, "आबा, चुकलं माझं. तुम्हाला उगीच एवढ्या लांब आणलं."

आबा खुर्चीकडं बघत म्हणाले, "आमाला काय बी न करता भायेर बसवलं व्हतं. ही पाडून बसली, आन दोन मिन्टांनी तिला परत आत बी घेतलं. लई फरक हाय, बाबा. बरं झालं, बघायला आलो."

मग आबांनी माझ्या हातातली शाल घेतली, संघमित्राला बरोबर घेतलं आणि ती शाल त्या मुरुमच्या मुलीच्या खांद्यावर घातली. आमच्या पोरीनं तिची माफी मागितली.

राहिली निवड. सर आले तेच कपाळाला आठ्या घालून. मी म्हणालो, की पोरीचा काही दोष नाही, मीच बस म्हणून सांगितलं होतं. सरांनी खिशातून निवडीची यादी काढली.

"पोरगी चांगली खेळते," ते म्हणाले. "तिला घेतो टीममध्ये. पण एक अट आहे. मॅचला तुम्ही यायचं नाही."

मी आधाराला आबांकडं वळलो, तर माझ्याआधी नात आणि आजोबा दोघंही एका आवाजात म्हणाले, "चालतंय, सर."