ऑपरेटरबाईंचा ठिपका

पडदा वर जातो तेव्हा समोर अर्धवट उघडलेली खोकी, दोरीने बांधलेली गादी, भिंतीवर ऐटीत बसलेला मोठा टीव्ही. आणि या पसाऱ्याच्या मधोमध, साबणाच्या वडीएवढी डबी मांडीवर घेऊन बसलेल्या ऑपरेटरबाई.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली, म्हणून हे नाव. निवृत्तीनंतर एका अभ्यासगटाकडून त्यांनी ही डबी मागवली. घरच्या इंटरनेटला जोडली की ती दर थोड्या वेळाने दूरदूरच्या संगणकांना हाक मारी आणि ओ यायला किती वेळ लागला ते टिपून ठेवी. जुन्या घरी नऊ वर्षांत ती दोन तासांच्या वर कधी गप्प बसली नव्हती.

आता बाई मुलाकडे राहायला आल्या होत्या. गटाच्या संकेतस्थळावर त्यांनी नवा पत्ता भरला. तिथल्या नकाशावर प्रत्येक डबीचा एक ठिपका असे; या वसाहतीत एकही नव्हता. पहिला त्यांचा पडणार होता. मुलाने डबी जोडली, दिवा लागला, चहा झाला. सकाळी पाहतात तर डबी मुकी. संध्याकाळी आपोआप बोलू लागली, पुन्हा गप्प. तीन दिवस हेच.

मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर. टेम्पोत हिसके बसले असतील, जुनीच आहे, नवी मागवू, असं तो सहज म्हणाला. गटाकडे प्रत्येक डबीचा स्वतःचा क्रमांक असे; नवी म्हणजे नवा क्रमांक. जुन्या क्रमांकाखालची नऊ वर्षांची नोंद तिथेच थांबणार. जुनं झालं की मोडीत, हे त्यांना भलतंच लागलं.

पण एक्स्चेंजची शिस्त हाडात मुरलेली: लाइन तुटली की आधी वेळ लिहायची, मग कारण शोधायचं. संकेतस्थळावर डबी जोडल्या-तुटल्याच्या वेळा दिसत. बाईंनी त्या वहीत उतरवल्या. सात वाजता जोडली, नऊला तुटली. पुन्हा सात, पुन्हा नऊ. आणि तेवढ्यात सूनबाईंनी मालिका संपली म्हणून टीव्ही बंद केला. घड्याळात नऊ.

बाई उठल्या, कंबर धरून टीव्हीमागे वाकल्या. डबीची वीज घेणारी तार थेट टीव्हीच्याच पाठीतल्या यूएसबीच्या खाचेत खोचलेली.

"हे कुणी केलं?"

"प्लग रिकामा नव्हता गं आई. तिथे वीज मिळते की."

"मिळते. हिची मालिका संपेपर्यंत."

सूनबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "मग घरातला इंजिनिअर कोण?"

मुलाने स्वतःच्या मोबाइलचा चार्जर काढून दिला. बाईंनी तो भिंतीत लावला, तार खोचली, वहीत वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सगळे संगणकापुढे. चोवीस तास अखंड. क्रमांक तोच, आणि नकाशावर रिकाम्या वसाहतीत एकुलता एक हिरवा ठिपका. बाई खुर्चीत अशा बसल्या, जणू टाळ्या थांबायची वाट पाहत असाव्यात. मालिका संपली. मुलगा हातात रिमोट धरून तसाच उभा. बटण दाबायचा धीर होईना.

बाईंनी वही मिटली. "कर बंद," त्या म्हणाल्या. "आता खुशाल कर."