पेंटरबाबांचा चमचा

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या पेंटरबाबांचा हात म्हातारपणी कापू लागला. सूप तोंडाशी पोचेस्तोवर निम्मं शर्टावर सांडायचं. बायको भरवायला बसली की मान फिरवायचे. मुलीच्या हातून मात्र मुकाट खायचे.

मुलगी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होती. तिने भरवणारं यंत्रच करायला घेतलं. तळहाताएवढा कॉम्प्युटर, दोन छोट्या मोटारी, टोकाला चमचा. मोटारीला जाणारा विजेचा ठोका जरा लांबला की चमचा वर, आखूड झाला की खाली. हे ठोके ती कोडमधूनच चालू-बंद करत होती. कॉम्प्युटर दुसऱ्या कामात गुंतला की ठोका चुकायचा आणि चमचा लटपटायचा.

"अगं, हा तर माझाच सख्खा भाऊ!" बाबा हसले. मग हळूच म्हणाले, "तूच भरव ना. तेवढंच बोलणं होतं."

"थोडं थांबा बाबा. हे जमलं की कुणाच्या तोंडाकडे बघायला नको तुम्हाला."

ती हट्टाला पेटली. जेवणाच्या वेळी ती आतल्या खोलीत कोडमध्ये डोकं घालून बसलेली असायची. भरवणं आईवर आलं. बाबा दोन घासांत "पुरे" म्हणायचे.

उपाय अगदी जवळच होता, तिला तो उशिरा सापडला. ठोके मोजून देणारा वेगळा भाग त्या छोट्या कॉम्प्युटरमध्येच होता. कोडने त्याला दोन ठोक्यांमधलं अंतर आणि ठोक्याची लांबी एकदा सांगायची. पुढचं तो स्वतः बघायचा, बाकी कॉम्प्युटर कितीही गडबडीत असो. चमचा काठोकाठ भरून वर आला, थेंबही सांडला नाही.

"वा! माझी रेघ अशीच यायची," बाबा म्हणाले. त्यांनी तोंड उघडलं, पण एव्हाना दुखणं घशापर्यंत पोचलं होतं, घास गिळवेना. ठसका थांबेना. डॉक्टरांनी अन्नासाठी नाकातून नळी घातली. नंतर बाबांनी तोंडाने काही खाल्लंच नाही, आणि पुढच्याच महिन्यात गेले.

"तू त्यांच्यासाठीच करत होतीस गं," आई म्हणाली. ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं.

यंत्र तिने जवळच्या दवाखान्याला दिलं. एकदा त्याची मोटार तपासायला गेली, तर एक निवृत्त शिक्षिका त्यावर जेवत होत्या. त्यांचा मुलगा दाराशी फोनवर.

"यंत्र भरवेल हो, पण तुम्ही बसा ना जवळ," ती त्याला म्हणाली.

"हो, आलोच," म्हणत तो बाहेर गेला.

तिने स्टूल ओढलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही काय शिकवायचात?"