अक्काचा गाल

माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, बासष्टाव्या वर्षी इथल्या, बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या त्वचेच्या डॉक्टरांकडून गालांत कोलॅजेन वाढवणारी इंजेक्शनं घेतली. गाल लगेच भरले आणि चार दिवसांत पुन्हा बसले.

"फसवलं तुला!" मी चिडले.

"औषध नुसतं जागं करतं. पुढचं काम कातडीचं. स्वल्प वेळ लागतो," ती म्हणाली आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गाल चोळत बसली.

तीन महिन्यांनी, श्रावणात, ती माझ्याकडे वरमहालक्ष्मीच्या पूजेच्या हळदीकुंकवाला आली. इथल्या रीतीप्रमाणे मी तिच्या गालाला हळद लावली आणि बोट तिथेच थबकलं. गाल चांगला घट्ट लागत होता. साठीनंतर अंग फक्त झिजतं, असं मी धरून चालले होते. हिच्या कातडीने तर गुपचूप नवं घडवलं होतं.

दुसऱ्या गालाला हळद लावायची मी विसरूनच गेले.